कै. डॉ. द्वारकानाथ कोटणीस व जखमेंतील जंतु

सोलापूरचें नांव निघालें म्हणजे कापडाच्या गिरण्या, चादरी व सिद्धेश्वराचें तळें हीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. परंतु ह्याच शहरांत जन्मलेल्या एका तरुणानें परक्या देशांतील जखमी लोकांची सेवा करतां करतां देह ठेविला, व त्याचें नांव चीन देशांत आजही आदरानें घेतलें जातें. डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस हे ते गृहस्थ होत. त्यांची कीर्ति पुष्कळांच्या कानीं आलेली आहे. तरी त्यांचें चरित्र येथें पुन्हां सांगण्यास एक विशेष कारण आहे. डॉ. कोटणीस ज्या काळीं शस्त्रक्रिया करीत होते, त्या काळीं बोटास लहानशी चीर पडून तींत रोगजंतु शिरले तर निष्णात डॉक्टरासही प्राणास मुकावें लागे. त्यांच्या मृत्यूनंतर थोड्याच वर्षांत तो काळ पालटला. आणि आतां माणसांच्याच निष्काळजीपणामुळें तो परत येऊं पाहत आहे. हें कसें घडतें तें खेड्यापाड्यांतील आपल्या मंडळींस नीट समजावें, हा ह्या लेखाचा हेतु आहे.

जन्म व शिक्षण

द्वारकानाथ यांचा जन्म सोलापूर येथें ता. १० ऑक्टोबर १९१० रोजीं एका मध्यम स्थितींतील कुटुंबांत झाला. पुढें ते वैद्यकी शिकण्याकरितां मुंबईस गेले व तेथील सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय कॉलेजांतून डॉक्टर होऊन बाहेर पडले. शिकलेल्या मुलानें आतां दवाखाना थाटावा व घरास हातभार लावावा, अशी अशा घरांत सहजच अपेक्षा असते. द्वारकानाथ यांनीं त्याहून वरच्या परीक्षेची तयारी चालविली होती. इतक्यांत दूरदेशाहून एक हांक आली व त्यांच्या आयुष्याचा ओघ निराळ्या दिशेस वळला.

सन १९३७ मध्यें जपाननें चीनवर मोठी चढाई केली. गांवेंच्या गांवें उद्ध्वस्त झालीं व जखमींस पाहावयास पुरेसे डॉक्टर राहिले नाहींत. चीनचे सेनापति जू-दे यांनीं पंडित जवाहरलाल नेहरू यांस पत्र लिहून डॉक्टर पाठविण्याची विनंति केली. सुभाषचंद्र बोस हे त्या वेळीं राष्ट्रीय सभेचे अध्यक्ष होते. त्यांनीं लोकांस आवाहन केलें, वर्गणी जमली, आणि पांच डॉक्टरांचें पथक सिद्ध झालें. अलाहाबादचे डॉ. अटल हे पथकाचे प्रमुख, नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसु व डॉ. मुखर्जी, आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस हे इतर चौघे. सन १९३८ च्या सप्टेंबरांत हें पथक मुंबईहून आगबोटीनें निघालें. तेव्हां डॉ. कोटणीस यांस अठ्ठाविसावें वर्ष चालू होतें.

बोटाची एक चीर

चीनच्या दक्षिण किनाऱ्यास उतरून, वाटेंत ठिकठिकाणीं जखमींची शुश्रूषा करीत, हे डॉक्टर १९३९ च्या फेब्रुवारींत येनान येथें पोहोंचले. तेथून पुढें उत्तरेकडील डोंगराळ मुलखांत प्रत्यक्ष लढाई चालू होती. त्या मुलखांत कॅनडा देशाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून हे आधींपासून काम करीत होते. हे एका प्रेसबिटेरियन पाळकाचे पुत्र. शस्त्रवैद्य म्हणून त्यांचा लौकिक मोठा होता, आणि मोठ्या शहरांतील मान व पैसा सोडून ते ह्या डोंगरांत आले होते.

१९३९ च्या हिवाळ्याच्या तोंडीं एका सैनिकावर घाईनें शस्त्रक्रिया करतांना डॉ. बेथ्यून यांच्या बोटास चीर पडली. अशा चिरा शस्त्रवैद्यांस नेहमींच पडत. त्यांनीं तिकडे दुर्लक्ष केलें. हातमोजे मिळत नव्हते. पुढें पू झालेल्या एका जखमेवर काम करीत असतां त्या जखमेंतील जंतु ह्या चिरेंतून त्यांच्या शरीरांत शिरले. बोट सुजलें, मग हात सुजला, ताप चढला, आणि विष रक्तांत भिनलें. ता. १२ नोव्हेंबर १९३९ रोजीं ते एका खेड्यांतील घरांत मरण पावले. त्यांचें वय ४९ वर्षांचें होतें. शेंकडों लोकांस जखमांतून वांचविणाऱ्या ह्या डॉक्टरास बोटाच्या एका चिरेनें नेलें.

ह्यावर उपाय नव्हता काय? १९३५ सालीं जर्मनींत डोमाक यांनीं सल्फा जातीचें औषध प्रसिद्ध केलें होतें. परंतु वेढलेल्या त्या मुलखांत औषधांचा व हत्यारांचा मोठा तुटवडा होता. लंडन येथें फ्लेमिंग यांस १९२८ सालींच एका बुरशीच्या रसानें जंतु मरतात असें आढळलें होतें, व त्या रसास त्यांनीं पेनिसिलीन हें नांव दिलें होतें. तथापि रोग्यास देतां येईल असें औषध त्यापासून अद्याप कोणी तयार केलेलें नव्हतें.

बेथ्यून यांच्या जागीं

सन १९४० मध्यें डॉ. कोटणीस व डॉ. बसु हे त्या सरहद्दीच्या मुलखांत जाऊन पोहोंचले. बेथ्यून कसे गेले हें डॉ. कोटणीस यांस ठाऊक होतें. आपणही त्याच प्रकारच्या जखमांत हात घालणार, व आपल्याजवळही त्या विषावर खात्रीचें औषध नाहीं, हें जाणूनच त्यांनीं तें काम पत्करलें. त्या वर्षीं एका मोठ्या लढाईंत त्यांनीं ७२ तास, म्हणजे तीन अहोरात्र, झोंप न घेतां शस्त्रक्रिया केल्या. त्या लढाईंत त्यांच्या हाताखालून आठशेंहून अधिक जखमी गेले.

त्या काळच्या शस्त्रवैद्याचा भरंवसा कशावर असे तें ध्यानांत आणावें. साबण, उकळतें पाणी, उकळलेलीं हत्यारें व फडकीं, जखमेंतील मेलेलें मांस वेळींच कापून काढणें, आणि जखमी माणसापर्यंत लवकर पोहोंचणें, एवढींच त्याचीं साधनें होतीं. जंतु एकदां रक्तांत शिरले म्हणजे डॉक्टराचे हात टेंकत. म्हणून ते शिरूंच नयेत ह्यासाठीं सारी दक्षता घ्यावी लागे.

१९४१ च्या जानेवारींत डॉ. कोटणीस यांस बेथ्यून यांच्या स्मरणार्थ चालविलेल्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे पहिले संचालक नेमण्यांत आलें. ते चिनी भाषा बोलूं व वाचूं लागले आणि त्या भाषेंत तरुण विद्यार्थ्यांस शस्त्रवैद्यक शिकवूं लागले. चीनमध्यें असतांनाच त्यांस वडील वारल्याची बातमी आली. घरची ओढ कोणास नसते? परंतु हातचें काम टाकून ते परतले नाहींत. पथकांतील इतर डॉक्टर एकामागून एक हिंदुस्थानांत आले. हे तेथेंच राहिले.

१९४१ च्या अखेरीस त्यांनीं ग्वो छिंगलान ह्या परिचारिकेशीं विवाह केला. १९४२ च्या ऑगस्टांत त्यांस मुलगा झाला. त्याचें नांव यिनह्वा ठेविलें; त्यांत यिन म्हणजे हिंदुस्थान व ह्वा म्हणजे चीन. परंतु अति श्रम व हालअपेष्टा यांनीं डॉ. कोटणीस यांची प्रकृति ढासळली होती. त्यांस अपस्माराचे, म्हणजे फेफऱ्याचे, झटके येऊं लागले. व त्याच दुखण्यांत ता. ९ डिसेंबर १९४२ रोजीं, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षीं, त्यांचा अंत झाला. मुलगा तेव्हां चार महिन्यांचाही नव्हता. १९४६ सालीं व्ही. शांताराम यांनीं त्यांच्या आयुष्यावर चित्रपट काढला. सोलापुरांत त्यांच्या घरीं त्यांचें स्मारक आहे. चीनमधील शिजियाच्वांग शहरांत त्यांची समाधि आहे.

औषध आलें

डॉ. कोटणीस तीन अहोरात्र जागत होते त्याच १९४० सालीं इंग्लंडांतील ऑक्सफर्ड येथें फ्लोरी, चेन व त्यांचे सोबती यांनीं पेनिसिलीन शुद्ध करून उंदरांवर यशस्वी प्रयोग केला. १९४१ च्या फेब्रुवारींत तें औषध एका पोलीस शिपायास दिलें. त्याच्या तोंडावर व अंगांत जंतूंनीं पू केला होता व तो मरणाच्या दारीं होता. औषध देतांच त्याचा ताप उतरला, भूक लागली. परंतु औषध फारच थोडें होतें. त्याच्या लघवींतून तें पुन्हां गाळून काढून दिलें तरी पुरलें नाहीं. औषध संपलें, जंतु पुन्हां माजले, आणि मार्च महिन्यांत तो शिपाई मरण पावला. पुढें महायुद्धाच्या अखेरच्या वर्षांत हें औषध मोठ्या प्रमाणावर निघूं लागलें. आपल्या प्रांतांतही पुण्याजवळ पिंपरी येथें १९५४ सालीं सरकारनें हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा कारखाना काढला. न्युमोनिया, बाळंतरोग, रक्तांतील विष, ह्यांनीं जीं माणसें खात्रीनें मरत, तीं आठ दिवसांत उठून कामास लागूं लागलीं. बेथ्यून ह्यांस हें औषध मिळतें तर बोटाच्या त्या चिरेनें त्यांचा प्राण बहुधा गेला नसता.

जंतु निर्ढावतात कसे

आतां मुख्य गोष्टीकडे वळूं. ज्या १९४० सालीं उंदरांवर प्रयोग झाला, त्याच सालीं ऑक्सफर्ड येथेंच चेन व अब्राहम यांस असें दिसून आलें कीं, एका जातीचा जंतु पेनिसिलीनचा नाश करणारा रस स्वतः तयार करतो. म्हणजे पहिल्या रोग्यास औषध देण्यापूर्वींच त्यावरील जंतूंचा तोडगा शास्त्रज्ञांच्या दृष्टीस पडला होता.

पुष्कळांची अशी समजूत असते कीं, औषध फार घेतलें म्हणजे आपलें शरीर त्यास सरावतें. ती खरी नव्हे. सरावतो तो जंतु, शरीर नव्हे. कांहीं जंतु अनुकूल स्थितींत वीस मिनिटांत एकाचे दोन होतात; ह्या हिशेबानें एका जंतूचे दहा तासांत शंभर कोटींहून अधिक होतील. इतक्या जन्मांत कोठें तरी घडणींत फरक पडतोच. त्यांतील एखादा फरक असा असतो कीं, त्या जंतूवर औषध चालत नाहीं. औषध नसेल तेव्हां हा जंतु इतर कोट्यवधींच्या गर्दींत दबून राहतो. औषध आलें कीं इतर मरतात व ह्यास सारें रान मोकळें मिळतें.

आपल्या शेतकरी बांधवांस हें शेतांत रोज दिसतें. वरवर खुरपलें तर उथळ मुळांचें तण निघून जातें, पण हरळीच्या काशा खालीं तशाच राहतात. पुन्हां पुन्हां वरवरच खुरपीत गेल्यास कांहीं वर्षांनीं सारें वावर हरळीचें होतें. हरळी खुरप्यानें उत्पन्न केली नाहीं. बाकीचें तण काढून खुरप्यानें तिला जागा करून दिली. अपुऱ्या किंवा अनावश्यक औषधानें शरीरांत असेंच घडतें.

निर्ढावलेल्या जंतूंच्या युक्त्या मुख्यतः चार आहेत. कांहीं जंतु औषध फोडून टाकणारा रस काढतात. कांहीं आपल्या कवचाचीं दारें लावून घेऊन औषधास आंतच येऊं देत नाहींत. कांहीं आंत आलेलें औषध बाहेर उपसून टाकतात. आणि कांहीं, औषध ज्या ठिकाणीं जाऊन आघात करतें, तें ठिकाणच बदलून घेतात. ह्याहून विलक्षण गोष्ट अशी कीं, एक जंतु आपली युक्ति शेजारच्या जंतूस, तो परक्या जातीचा असला तरी, देऊं शकतो. १९५९ सालीं जपानमधील शास्त्रज्ञांनीं आंवेच्या जंतूंविषयीं हें सिद्ध केलें. म्हणून आपल्या आंतड्यांतील निरुपद्रवी जंतु जरी निर्ढावले, तरी तो धोकाच होय. त्यांची युक्ति उद्यां रोगजंतूंच्या हातीं जाईल.

फ्लेमिंग यांनीं १९४५ सालीं नोबेल पारितोषिक स्वीकारतांना केलेल्या भाषणांत, अपुरें पेनिसिलीन घेतल्यास जंतु निर्ढावतील, असा इशारा दिला होता. तो लवकरच खरा ठरला. त्या दशकाच्या अखेरीस अनेक इस्पितळांतील पू करणारे जंतु पेनिसिलीनला दाद देईनात. क्षयावर १९४३ सालीं स्ट्रेप्टोमायसीन निघालें. तें एकटेंच दिलेल्या रोग्यांस आरंभीं गुण येई, पण कांहीं महिन्यांनीं पुष्कळांच्या थुंकींत निर्ढावलेले जंतु सांपडत. म्हणूनच क्षयावर नेहमीं अनेक औषधें एकत्र व पुष्कळ महिने देतात : एकाच्या हातून सुटलेला जंतु दुसऱ्याच्या हातीं सांपडावा.

आपल्या दारीं आलेला धोका

हा धोका दूरदेशींचा नाहीं. २०१२ च्या आरंभीं मुंबईतील हिंदुजा रुग्णालयाच्या डॉक्टरांनीं, तपासलेल्या कोणत्याही औषधास न जुमानणारा क्षय झालेल्या रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली, व साऱ्या जगाचें लक्ष तिकडे वेधलें. असा रोगी ज्यास खोकल्यावाटे क्षय देतो, त्यास पहिल्या दिवसापासूनच निर्ढावलेला क्षय होतो; त्यानें आयुष्यांत एकही गोळी चुकविलेली नसली तरी. एकाच्या चुकीचें फळ शेजाऱ्यास भोगावें लागतें, हें ह्या रोगाचें दुःखद लक्षण आहे. २०१९ ह्या एका वर्षांत निर्ढावलेल्या जंतूंमुळें जगांत सुमारें १२ लाख ७० हजार माणसें दगावलीं, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

आपल्या देशांत २०१४ पासून कांहीं प्रतिजैविक औषधांची व क्षयावरील औषधांची विक्री डॉक्टरच्या चिठ्ठीवांचून करूं नये व दुकानदारानें तिची वहींत नोंद ठेवावी, असा नियम आहे. कोलिस्टिन हें अगदीं शेवटचें म्हणून राखून ठेवलेलें औषध कोंबड्या व जनावरें यांच्या खाद्यांत घालण्यास २०१९ सालीं सरकारनें बंदी केली. परंतु नियम कागदावर राहिला व लोकांची संवय पालटली नाहीं, तर उपयोग काय?

आपण काय करावें

खेड्यांत पुष्कळ वेळां औषधाची चिठ्ठी वाचून घेण्यास लोक उपदेशकाकडे किंवा शिक्षकाकडे येतात. अशा बंधूंनीं पुढील गोष्टी ध्यानांत ठेवून लोकांस सांगाव्या. साधें पडसें व बहुतेक साधे खोकले हे जंतूंमुळें होत नसून विषाणूंमुळें होतात. त्यांवर प्रतिजैविकाचा कांहीं उपयोग नाहीं. ताप आला कीं सुई टोचून द्याच, असा डॉक्टरास आग्रह करूं नये. चिठ्ठीवांचून दुकानांतून दोन गोळ्या आणूं नयेत. शेजारणीच्या उरलेल्या गोळ्या मुलास देऊं नयेत. डॉक्टरानें जितके दिवस सांगितले असतील तितके दिवस औषध घ्यावें. आपल्या मनानें तें बंद करूं नये व लांबवूंही नये. क्षयाचें औषध तर कधींही मध्येंच सोडूं नये. दोन महिन्यांत खोकला थांबतो, अंगीं ताकद येते, व रोगी मजुरीस किंवा ऊसतोडीस निघून जातो. तेव्हांच जंतूंतील हरळी शिल्लक राहिलेली असते. परगांवीं जावयाचें असल्यास सरकारी दवाखान्यांत आधीं सांगावें, म्हणजे तिकडे औषध मिळण्याची व्यवस्था होते. गाईम्हशींच्या कासेस सूज आल्यास व कोंबड्यांस रोग झाल्यास पशुवैद्यास विचारूनच औषध द्यावें.

आणि ज्यास जंतु शिरलेच नाहींत, त्यास औषधाचें कामच पडत नाहीं. शौचानंतर व जेवणापूर्वीं साबणानें हात धुणें, पिण्याचें पाणी स्वच्छ ठेवणें, बाळंतिणीच्या खोलींत व नाळ कापण्याच्या कामीं पूर्ण स्वच्छता राखणें, मुलांस वेळच्या वेळीं लशी टोचून घेणें, शेतांत कुऱ्हाड किंवा विळा लागला तर जखम तत्काळ धुऊन दवाखाना गांठणें, ह्या गोष्टींस पैसा थोडा लागतो व त्यांवर जंतूंस तोड काढतां येत नाहीं.

डॉ. कोटणीस यांच्याजवळ आपल्याजवळचीं औषधें नव्हतीं. उकळतें पाणी, स्वच्छ हात व न थकणारी सेवा एवढ्या बळावर त्यांनीं शेंकडों जीव वांचविले. जें औषध त्यांस कधीं लाभलें नाहीं, तें आपणांस गांवोगांवीं मिळत आहे. तें जपून वापरलें तर आपल्या नातवंडांसही उपयोगी पडेल. उधळलें तर बोटाच्या चिरेनें माणूस मरण्याचे दिवस त्यांच्या वांट्यास येतील. सोलापूरच्या ह्या पुत्राचें नांव घेतांना आपण प्रत्येकानें एवढें तरी ठरवावें कीं, विनाकारण एकही गोळी घेणार नाहीं, आणि घ्यावी लागली तर सांगितल्याप्रमाणें घेतल्यावांचून राहणार नाहीं.